11 गोलांचा स्ट्रायकर की नववीतला सेंटर हाफ?

भाऊ, प्रश्न नीट मांडलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रकरण सांगतो. धुळे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 17 वर्षांखालच्या मुलांची शालेय हॉकी स्पर्धा झाली. 8 शाळा, दोन गट, मग सेमीफायनल आणि फायनल. ‘उदयोन्मुख खेळाडू’ म्हणून चषक एकच आणि दावेदार दोन. पहिला सोळा वर्षांचा स्ट्रायकर. 4 सामन्यांत 11 गोल, त्यातले 5 एकाच 9-0च्या सामन्यात. दुसरा आश्रमशाळेतला नववीचा मुलगा, सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत मधोमध खेळणारा. 5 सामन्यांत गोल एकच, पण त्याच्या संघावर सगळ्या स्पर्धेत मिळून 3 गोल झाले. सेमीफायनलला हे दोघे समोरासमोर आले, सेंटर हाफचा संघ 2-1ने जिंकला आणि पुढे स्पर्धाही त्यांनीच मारली. निवड समिती दोन-दोन अशी फुटली आहे. चषक देणारे गृहस्थ म्हणतात, गोल करणाऱ्याला द्या, लोकांना तेच कळतं. शेवटचं मत तुमचं. शिवाय बाहेरच्या मोठ्या लीगमध्ये नवोदितांचा पुरस्कार कसा ठरवतात, तेही तुम्ही विचारलंय.

माझं मत आधी सांगून मोकळा होतो. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी सेंटर हाफला देईन. पण पारडं थोडंसंच झुकतंय, आणि एक-दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या तर ते दुसरीकडे जाईल. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत स्टिक हातात घेतली, पुढे शाळा-कॉलेजच्या पोरांना शिकवलं, जिल्हा आणि विभागाच्या निवडीला बसलो. त्यामुळे असे वाद मला नवे नाहीत. हिशेब कसा करतो ते लिहितो, मत तुमचं तुम्ही ठरवा.

तुमच्या समितीत भांडण दोन पोरांवरून चाललंय असं वाटतं, पण माझ्या मते चौघं चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. एक जण ‘स्पर्धेतला सर्वोत्तम कोण’ हे बघतोय. दुसरा ‘पुढे जाऊन मोठा कोण होईल’ याचा अंदाज बांधतोय. तिसऱ्याला गरीब घरच्या पोराला उभारी द्यायचीय. चौथा गोल मोजतोय. नवोदिताच्या चषकाचा प्रश्न यातला एकही नाही. मी तो असा मांडतो: ज्याच्याकडून अजून कोणी काही मागायला नको होतं, अशा नव्या पोरावर संघाने किती भार टाकला, आणि तो त्याने कसा पेलला? एवढं पक्कं धरलं की पुढचे निम्मे वाद आपोआप गळून पडतात.

आता मुळात नवा कोण, हे बघू. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की स्ट्रायकर मागच्या वर्षीही याच स्पर्धेत राखीव म्हणून दोन सामन्यांत थोडा वेळ उतरला होता. ही बाब किरकोळ नाही. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, नवोदिताला कॅल्डर ट्रॉफी देतात. लीगचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांच्या नावाची. तिथे नवा कोण याची व्याख्या लिहून ठेवलेली आहे. आधीच्या कुठल्याही एका मोसमात 25 पेक्षा जास्त सामने खेळलेला नको, आधीच्या दोन मोसमांत प्रत्येकी 6 किंवा जास्त सामने खेळलेला नको, आणि मोसमाच्या 15 सप्टेंबरला वयाची 26 वर्षं पूर्ण झालेली नकोत.

ही वयाची अट सुरुवातीपासून नव्हती. 1989-90 मध्ये सोव्हिएत संघाचा सर्गेई माकारोव कॅलगरीकडून खेळायला आला आणि 31व्या वर्षी नवोदिताचा पुरस्कार घेऊन गेला. मॉस्कोत वर्षानुवर्षं आणि जगभर खेळून मुरलेला माणूस! गदारोळ झाला आणि त्यानंतर 26 वर्षांची रेघ आली. त्याच्या दहा वर्षं आधी उलटंच घडलं होतं. वेन ग्रेट्स्कीने 1979-80 मध्ये एनएचएलमधल्या पहिल्याच मोसमात 137 गुण केले (तिथे गोल आणि गोलसाठीचे पास यांची बेरीज म्हणजे गुण), लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफीही घेतली. पण तो आधी दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता म्हणून त्याला नवा धरलंच नाही. कॅल्डर मिळाली बचाव फळीतल्या रे बोर्कला. आणि 2021-22 मध्ये मायकल बंटिंग नावाचा खेळाडू शर्यतीत शेवटच्या तिघांत होता, त्याचा वाढदिवस 17 सप्टेंबरचा. दोन दिवस आधी जन्मला असता तर यादीतच नसता.

म्हणजे रेघ कुठेही ओढा, तिच्या काठावर कोणीतरी सापडतोच. रेघ आधी ओढलेली असावी, एवढं आपल्या हातात आहे. तुमच्या पत्रकात ‘नवा’ याची व्याख्या नसेल, तर आता निकालाच्या दिवशी मागच्या वर्षीचे दोन सामने काढून स्ट्रायकरला बाद करू नका. ते अन्यायाचं होईल आणि गावात त्याची चर्चा वर्षभर चालेल. दोघांनाही पात्र धरा. पुढच्या वर्षीच्या पत्रकात मात्र एक ओळ छापा. आपल्या शालेय स्पर्धेत मी तरी एवढंच ठेवेन: ‘या वयोगटात हे पहिलं वर्ष, आणि आधीच्या वर्षी संघात नाव असलं तरी मैदानात उतरलेला नसावा.’ जन्मदाखला बघायचा तर तो स्पर्धेआधी बघा, चषक देताना नाही. आपल्याकडे वयाचा घोळ काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता गोलांकडे वळतो. 11 हा आकडा मोठा आहे, तो कमी लेखायचा नाही. पण निवडीला बसलो की मी कधीच एकूण आकडा धरत नाही, आधी तो फोडतो. स्कोअरशीट मागवा. प्रत्येक गोलपुढे फील्ड गोल (चालत्या खेळातला), पेनल्टी कॉर्नर (गोलासमोर बचाव करणाऱ्याची चूक झाली की मिळणारी संधी) की पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर) हे लिहिलेलं असतं, निदान असायला हवं. 9-0चा सामना बाजूला काढला की 3 सामन्यांत 6 गोल उरतात. हेही थोडे नाहीत, सामन्याला सरासरी 2 पडले. पण ते 6 कसे झाले?

समजा त्यातले 4 पेनल्टी कॉर्नरवर आहेत. मग मला आणखी दोन गोष्टी हव्यात. कॉर्नर मिळवला कोणी, आणि चेंडू थांबवला कोणी? गोलपोस्टपासून किमान 10 मीटरवरून एक पोरगा चेंडू आत ढकलतो, डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर दुसरा तो अडवतो, आणि मग तिसरा मारतो. कागदावर नाव फक्त तिसऱ्याचं. टर्फवर चेंडू सरळ येतो, थांबवणाऱ्याचं कौतुक थोडं कमी केलं तरी चालेल. आपल्या मुरमाच्या मैदानावर तसं नसतं. खडा लागला की चेंडू उडतो, पाऊस होऊन गेला असेल तर मधेच बसतो. अशा मैदानावर चेंडू मेल्यासारखा थांबवणारा पोरगा सापडला तर मी त्याला सोन्यात तोलीन. ड्रॅग-फ्लिक आपल्याकडे फार चालत नाही ते यामुळेच. थांबलेला चेंडू स्टिकला चिकटून ओढायला जमीन सपाट लागते. म्हणून पोरं हिट मारतात, आणि कॉर्नरवरची पहिली हिट गोलात जाताना गोलच्या तळाशी असलेल्या लाकडी फळीच्या उंचीच्या वर, म्हणजे 46 सेंटीमीटरच्या वर, गेली तर गोल धरत नाहीत. तेव्हा तुमच्या स्ट्रायकरने मुरमावर खालून सरळ हिट मारून गोल केले असतील, तर त्याच्या मनगटात दम आहे यात वाद नाही. पण तेच कॉर्नर त्याने स्वतः डीमध्ये घुसून, बचाव करणाऱ्याच्या पायावर चेंडू घालून मिळवले असतील, तर त्या गोलांचं मोल माझ्या लेखी दुप्पट होतं.

9-0च्या सामन्यातले 5 गोल मी शून्य धरत नाही. काही लोक धरतात, मला ते पटत नाही. दुबळ्या संघापुढेही गोल करावेच लागतात, आणि पाच-सहा गोल झाल्यावर बरीच पोरं ढिली पडतात. तो पडला नाही, हा त्याचा गुण आहे. पण त्या सामन्यात त्याच्यावर भार काहीच नव्हता, आणि आपण भार मोजतोय. तेव्हा दोघांची तुलना करताना तो सामना मी मांडणीत ठेवेन, वजनात नाही.

आता स्ट्रायकरच्या बाजूने जो मुद्दा तुमच्या समितीत कोणी मांडलेला दिसत नाही, तो मी मांडतो, कारण तो भारी आहे. त्याचा संघ कसा आहे? तुम्ही लिहिलंय की त्याच्या संघाच्या बाकीच्या पोरांचे मिळून सगळ्या स्पर्धेत जेमतेम 5 गोल आहेत. त्यातले 4 तर त्या 9-0मध्येच असणार, कारण 9 मधून याचे 5 वजा केले की तेवढेच उरतात. म्हणजे उरलेल्या 3 सामन्यांत संघाच्या 7 गोलांपैकी 6 एकट्याचे! समोरच्या प्रत्येक संघाला माहीत होतं की चेंडू याच्याकडेच येणार, दोन-दोन पोरं अंगाला चिकटवलेली असणार, आणि तरीही याने गोल काढले.

एनएचएलमध्ये कॅल्डरच्या वादात हाच मुद्दा वारंवार निघतो. 2023-24 मध्ये शिकागोचा कॉनर बेडार्ड आणि मिनेसोटाचा ब्रॉक फेबर अशी लढत होती. बेडार्ड आक्रमक फळीतला, वय 18, संघ तळाशी. जबडा मोडल्याने मधले काही सामने बुडाले, तरी 68 सामन्यांत 61 गुण. फेबर बचाव फळीतला, सगळेच्या सगळे 82 सामने खेळला, 47 गुण, आणि 60 मिनिटांच्या सामन्यात सरासरी जवळजवळ 25 मिनिटं बर्फावर. नवख्या पोराला एवढा वेळ आणि तोही समोरच्या संघाच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंविरुद्ध! ट्रॉफी बेडार्डला मिळाली. तिथलं मत मला विचाराल तर मी फेबरला दिलं असतं, पण बेडार्डला देणाऱ्यांना वेडं म्हणणार नाही. भोवती कोणी नसताना 61 गुण काढणं म्हणजे काय, हे ज्याने दुबळ्या संघात खेळलंय त्याला कळतं.

नवोदितांची सगळ्यात गाजलेली जोडी 2005-06ची. अलेक्झांडर ओवेचकिन आणि सिडनी क्रॉस्बी एकाच वर्षी आले, कारण आदल्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणात अख्खा मोसमच रद्द झाला होता. ओवेचकिनचे 52 गोल आणि 106 गुण, क्रॉस्बीचे 39 गोल आणि 102 गुण. दोघेही 81 सामने खेळले. क्रॉस्बी 18 वर्षांचा, ओवेचकिन 20 वर्षांचा आणि मोसम बुडाला त्या वर्षी मॉस्कोत एक जास्तीचं वर्ष मोठ्यांबरोबर खेळलेला. गुणांत फक्त 4चा फरक, तरी मतदान एकतर्फी झालं आणि ट्रॉफी ओवेचकिनला गेली. क्रॉस्बीचं वय कमी म्हणून कोणी त्याला वाढीव मार्क दिले नाहीत. पुढे दोघंही दिग्गज झाले, आणि त्या वर्षीची ट्रॉफी कोणाची हा प्रश्न त्याने बदलला नाही.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुमचा सेंटर हाफ 14 वर्षांचा आणि स्ट्रायकर 16चा आहे. त्या वयात दोन वर्षांत खांदे, मांड्या, धाव सगळं बदलतं. 14चा पोरगा 17 खालच्या स्पर्धेत मधल्या फळीत टिकला, हा भाराचा मुद्दा आहे, तो जरूर धरा. पण ‘अजून दोन वर्षं आहेत, पुढे नाव काढेल’ हा अंदाज झाला, तो वगळा. त्याचप्रमाणे आश्रमशाळेतला आहे म्हणूनही देऊ नका. तोरणमाळ-धडगावकडची, साक्रीच्या डोंगरपट्ट्यातली पोरं मी बघितलीयत, त्यांची दमछाकच होत नाही. त्यांना दया नको असते, खेळायला मिळायला हवं असतं. दयेचा चषक मिळाला हे पोराला कुठून ना कुठून कळतं.

आता सेंटर हाफचा खरा हिशेब. अडचण इथे आहे. आपल्या मैदानी हॉकीच्या स्कोअरशीटवर गोल कोणी केला ते लिहितात, पास कोणी दिला ते नाही. बर्फावरच्या हॉकीत एका गोलमागे दोन जणांपर्यंत पासचं श्रेय मिळतं, कोण किती मिनिटं उतरला तेही मोजतात. म्हणून तिथे मागे खेळणाऱ्याचं काम आकड्यांत थोडं तरी दिसतं. आणि दिसलं की मतं मिळतात. 2021-22 मध्ये 63 गुणांच्या बंटिंगला मागे टाकून 50 गुणांच्या मोरिट्झ सायडरला ट्रॉफी मिळाली, तो बचाव फळीतला. 2024-25 मध्ये माँट्रियालचा लेन हटसन, तोही बचाव फळीतला, 6 गोल आणि तब्बल 60 पास घेऊन जिंकला. बचाव करणाऱ्या नवोदिताचे 60 पास ही लॅरी मर्फीच्या 1980-81च्या विक्रमाची बरोबरी होती. फेबर मागे पडला तो बऱ्याच अंशी यामुळे, की त्याचं निम्मं काम आकड्यात मावत नव्हतं. आपल्याकडे तर सेंटर हाफचं जवळजवळ सगळंच काम आकड्याबाहेर असतं.

पांझरेच्या काठावर फड बागायत ज्यांनी बघितलीय त्यांना पाटकरी माहीत असेल. पीक त्याच्या नावावर नसतं, पण पाणी कधी, कोणत्या चारीला, किती सोडायचं ते तो बघतो. सेंटर हाफ तोच. चेंडू सुटला की तो घेतो, डावीकडे कोंडी असेल तर उजवीकडे वळवतो, फुलबॅक पुढे गेला की त्याची जागा भरतो, आणि समोरचा सेंटर फॉरवर्ड चेंडूकडे वळायच्या आत त्याच्या अंगावर असतो. चांगला सेंटर हाफ असला की सामना बघताना वाटतं, आज समोरचा संघ नीट खेळतच नाहीये. तो का खेळत नाहीये, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मधल्या फळीतल्या पोराला असा मान मिळतच नाही, असंही नाही. विवेक सागर प्रसाद हे नाव तुम्हाला माहीत असेल. आपल्या भुसावळहून खांडव्यामार्गे जी गाडी इटारसीला जाते, त्या इटारसीजवळच्या खेड्यातला हा पोरगा. 2018 मध्ये 17व्या वर्षी भारताकडून उतरला. खेळतो मधल्या फळीत, गोलांसाठी त्याची ओळख नाही. तरी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार त्याला 2019चा मिळाला आणि 2020-21चाही. त्याच 2019ला मुलींमध्ये मिझोरमच्या लालरेमसियामीला मिळाला, ती आक्रमक फळीतली. म्हणजे जागा कुठलीही असो, बघणाऱ्यांनी खेळ बघितला तर दिसतो. चषक देणाऱ्या काकांना हे उदाहरण जरूर सांगा. ‘लोकांना कळत नाही’ यावर तेवढं उत्तर पुरे आहे.

पण सेंटर हाफच्या बाजूने तुम्ही जो आकडा दिलाय, संघावर फक्त 3 गोल, त्यावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. तो आकडा त्याचा नाही, संघाचा आहे. मागे दोन दांडगे फुलबॅक असतील, गोलकीपर वाघ असेल, तर सेंटर हाफ साधारण असला तरी 3च गोल होतील. स्ट्रायकरचे गोल फोडून बघितले तसा हाही आकडा फोडायला हवा. आणि स्पर्धा जिंकली म्हणून त्याला वाढीव वजन देऊ नका. कॅल्डरची मतं हॉकी पत्रकार देतात, आणि ती साखळी सामने संपल्यावर, बाद फेरी सुरू व्हायच्या आत घेतली जातात. अंतिम विजयाची झिंग मतांवर चढायला वावच राहत नाही. तुमच्याकडे पाचच सामने, त्यामुळे एवढं वेगळं काढता येणार नाही, पण विजेत्या संघाला त्याचा चषक मिळालाच आहे, हे लक्षात असू द्या.

मग सेंटर हाफचं काम आता, स्पर्धा संपल्यावर, मोजायचं कसं? व्हिडिओ नसेल असं धरतो. (असेल तर उत्तमच. कोणाच्या तरी पालकाच्या मोबाइलमध्ये निम्मा सामना सापडतोच.) मी तीन माणसांना विचारतो. पहिले पंच. पंचाला विचारायचं की या पोराने चेंडू काढून घेताना किती वेळा फाउल केला. स्टिकवर स्टिक मारून चेंडू घेणारे पुष्कळ असतात. स्वच्छ काढून घेणारे कमी, आणि पंचाला तेच नेमके आठवतात. हिरवं किंवा पिवळं कार्ड आहे का तेही बघा. हिरव्या कार्डाची 2 मिनिटं म्हणजे तेवढा वेळ संघ दहा जणांचा, आणि सेंटर हाफ बाहेर गेला की मधलं मैदान मोकळं.

दुसरा माणूस म्हणजे हरलेल्या संघांचे प्रशिक्षक. त्यांना ‘कोण चांगला’ असं विचारू नका, उत्तर गोड येईल. असं विचारा: ‘उद्या त्याच संघाशी परत सामना असेल तर आधी कोणाचा बंदोबस्त कराल?’ हा प्रश्न मी फार वापरतो आणि तो सहसा दगा देत नाही. दोन-तीन शाळांच्या सरांनी आपणहून सेंटर हाफचं नाव घेतलं, तर समजा की ते 3 गोल बऱ्यापैकी त्याचेच आहेत. सगळ्यांनी फुलबॅकचं किंवा गोलकीपरचं नाव घेतलं, तर माझं मत मी स्ट्रायकरकडे वळवेन.

तिसरा माणूस त्याचाच गोलकीपर. गोलकीपरला मैदान समोर दिसतं. त्याच्यासमोर डीमध्ये चेंडू किती वेळा आला आणि आला तो कोणत्या बाजूने, हे तो झोपेतही सांगेल. मधून आलाच नाही, कायम कडेने आला, असं त्याने सांगितलं तर सेंटर हाफने आपलं काम केलं.

सेमीफायनलचं काय? समोरासमोर 2-1. तुमच्या सांगण्यावरून स्ट्रायकरचा त्या सामन्यातला एकमेव गोल पेनल्टी कॉर्नरवर आला, आणि चालत्या खेळात त्याला डीमध्ये फारसा चेंडू मिळाला नाही. समितीतल्या ज्यांनी सेंटर हाफला मत दिलं त्यांचा सगळा भर यावर दिसतोय. एका सामन्यावर सगळं ठरवायला मी तयार नसतो. त्या दिवशी पाऊस पडून गेला असेल, काळी माती स्टिकला धरत असेल, तर चेंडू घेऊन धावणाऱ्या पोराचे हात बांधल्यासारखे होतात आणि अडवणाऱ्याचं फावतं. मैदान कोरडं होतं का, हे मला माहीत हवं. कोरडं असेल आणि तरीही तो मोकळा सुटला नसेल, तर तो सामना पुरावा म्हणून धरा. कारण सगळ्या स्पर्धेत स्ट्रायकरवर सर्वांत जास्त भार त्या दिवशी होता, सेंटर हाफवरही त्याच दिवशी होता, आणि चालत्या खेळात 14 वर्षांच्या पोराने 16च्या पोराला बांधून ठेवलं. माझं पारडं झुकतं ते इथे.

आतापर्यंतचं थोडक्यात: दोघांना पात्र धरा, 9-0चा सामना वजनातून काढा, 6 गोल कसे झाले ते शीटवरून बघा, 3 गोलांचं श्रेय खरंच सेंटर हाफचं का ते वर सांगितलेल्या तिघांना विचारा, वय फक्त भारापुरतं धरा, आणि संघ जिंकला-हरला ते विसरा.

उरतात चषकाचे काका, आणि ‘दोघांना विभागून देऊ’ म्हणणारे. विभागून देऊ नका. समितीला निर्णय झेपला नाही, एवढंच त्यातून दोन्ही पोरांना कळतं, आणि चषक घरी कोणी न्यायचा यावरून दोन शाळांत नवं भांडण लागतं. काकांचं म्हणणं मात्र मोडीत काढू नका. त्यांना म्हणा, सर्वाधिक गोलांचं वेगळं बक्षीस ठेवू, रोख असो की एखादी चांगली स्टिक. 11 गोल करणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलावून टाळ्या वाजल्याच पाहिजेत, त्याने त्या कमावल्यात. स्टिक दिलीत तर जास्त बरं, चषक कपाटात जातो आणि स्टिक दुसऱ्या दिवशी मैदानात येते. हॉकी इंडियाच्या वार्षिक पुरस्कारांतही गोलकीपर, बचाव, मधली फळी, आक्रमण यांना वेगवेगळे मान आहेत, आणि 21 वर्षांखालच्या उदयोन्मुख खेळाडूंसाठी मुलांत जुगराज सिंग आणि मुलींत असुंता लाक्रा यांच्या नावाचे वेगळे. सगळ्या गोष्टी एकाच चषकात कोंबल्या की भांडण होणारच.

पुढच्या वर्षीसाठी एक सोपी युक्ती. कॅल्डरला प्रत्येक मतदार पाच नावं क्रमाने लिहितो, पहिल्याला 10, दुसऱ्याला 7, मग 5, 3 आणि 1 असे गुण पडतात. तुम्ही तीनच नावं घ्या, पण फायनल सुरू व्हायच्या आत चिठ्ठ्या भरून पाकिटात बंद करा. दोन-दोन अशी फूट पडायची वेळ कमी येईल आणि फायनलच्या शेवटच्या मिनिटाच्या गोलने कोणाचं मत फिरणार नाही. शिवाय प्रत्येक सामन्याला दहावीच्या दोन पोरांना वही देऊन बसवा: कोणी चेंडू काढून घेतला, कोणी डीमध्ये नेला, कॉर्नर कोणी मिळवला, तिन्हींच्या रेघा ओढायच्या. पोरं हे काम आनंदाने करतात आणि त्यातून त्यांना खेळही कळतो.

स्कोअरशीट मिळाली की त्या 6 गोलांत फील्ड गोल किती आणि कॉर्नर कोणी मिळवले, तेवढं इथे लिहा. 4 किंवा जास्त फील्ड गोल निघाले, कॉर्नरही त्यानेच मिळवलेले असले आणि सेमीफायनलला मैदान ओलं होतं असं कळलं, तर मी स्ट्रायकरच्या बाजूला येईन आणि तसं इथेच लिहीन.